डाव्या हाताची थाप

“चुकलं तर थांब, रं. गडबडायचं न्हाय. फेरा परत येतो. आला की शिर.”

हे अण्णाचं बोलणं. मी नऊ वर्षांचा असेन तेव्हा, अण्णा, माझा थोरला भाऊ, चौदाचा. देवळापुढच्या अंगणात झांज पथकाची तालीम चाललेली. अण्णाच्या गळ्यात ढोल, माझ्या हातांत झांजा, आणि माझा शिरायचा ठोका दर खेपेला निसटून गेलेला. झांजा वर धरून मी तसाच उभा राही. बाकीचे पुढे निघून गेलेले, जत्रेत हात सुटावा तसं वाटे. मग अण्णा वाजवता वाजवता मान वळवी आणि ढोलाच्या वरून म्हणे, “ये रं.” तेवढंच. पण अगदी ज्या क्षणी शिरायचं त्याच्या आधी डोळ्याचं एक पातं लवावं इतकं अगोदर. मी झांजा आपटी. बरोबर पडत.

आता मी ज्या कामावर जगतो त्यात फेऱ्याला लूप म्हणतात.

बेळगावात वडगावच्या एका गल्लीत माडीवरची खोली आहे माझी. खाली यशोदाबाईंचे चार पॉवरलूम, साड्यांचे. सकाळी करंट आला की जमीन थरथरायला लागते ती संध्याकाळपर्यंत. खालचा आवाज वर येऊ नये म्हणून मी भिंतींना जुन्या वाकळा ठोकल्या आहेत, जमिनीवर दोन सतरंज्या. त्यात एक टेबल, एक कॉम्प्युटर, कानावर लावायचे हेडफोन आणि मी.

माझं काम सांगायला सोपं आहे. कुणीतरी वाजवलेला ढोल किंवा ताशा मी कॉम्प्युटरात घेतो. पडद्यावर तो आवाज डोंगराच्या रांगेसारखा दिसतो. ठोका पडला तिथे उभा कडा, मग उतार, मग पुढचा कडा. प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी एक चीर द्यायची. एका फेऱ्याचे सोळा तुकडे होतात. मग पाचवा उचलून पहिल्या जागी, नववा दोनदा, बारावा उलटा, असं करत नवाच फेरा बांधायचा. पडद्यावर मात्रांच्या सारख्या अंतराने रेघा असतात; माणसाने वाजवलेला ठोका कधी रेघेच्या आधी पडतो, कधी नंतर. त्यासाठी एक बटण आहे. ते दाबलं की सगळे ठोके आपापल्या रेघेवर जाऊन उभे राहतात, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. लग्नाच्या वरातीला, शिवजयंतीच्या चित्ररथाला असंच सरळ लागतं. पाय उचलायला सोपं जातं म्हणतात.

यशोदाबाई एकदा चहा घेऊन वर आल्या आणि माझ्या खांद्यावरून बघत उभ्या राहिल्या.

“काय करालास रे हे?”

“ढोल कापतोय, मावशी. परत जोडतोय.”

“म्हणजे आमच्यासारखंच. दिवसभर खटाखटा.” मग जाता जाता दारातून, “पण आमच्यातनं लुगडं तरी निघतंय बाबा. तुझ्यातनं काय निघतंय?”

मी हसलो होतो. अण्णा असतानाची गोष्ट.

*

आषाढ संपत आला तेव्हा जोतिबामामाचा फोन आला. जोतिबामामा म्हणजे आमच्या वाडीच्या पथकाचा म्होरक्या. सख्खा मामा नव्हे, पण सगळ्या वाडीचा मामा. जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या वाटेवर आमची वाडी. तिथे फोनला रेंज मिळवायची तर खळ्याच्या उंचवट्यावर उभं राहावं लागतं, म्हणून मामा फोनवर नेहमी ओरडून बोलतो.

“स्वरूप, विकीचं वर्ष आलं बग. येतोस न्हवं?” विकी म्हणजे अण्णा. त्याला अण्णा म्हणणारा मी एकटाच.

“येतो.”

“गेल्या खेपंला बी येतो म्हंटलास. दिवाळीला बी म्हंटलास. तुझी आई गुळाचा डबा झाकून झाकून दमली.”

मी पडद्यावरची फाईल बंद केली.

“दुसरं म्हंजे,” मामा म्हणाला, “विकीचा ढोल तुझ्या त्या कम्प्युटरात हाय न्हवं? तो आण. ह्या वर्साला गणपतीत त्याचा हात कुणाला येत न्हाय. पोरास्नी ऐकू दे तरी. आन् ढोलाची दोरी. वर्स झालं बाबा, तसाच ताणलेला टांगलाय. कातडं उलंल ना.”

आमच्या पथकाची रीत आहे. ढोलकरी गेला की त्याचा ढोल ताणलेला ठेवायचा नाही. त्याच्या पाठच्याने दोरी सैल करायची. कापायची नाही, सोडायची. एकेक वेढा, हाताने. मग तो ढोल वर्षभर गप्प राहतो आणि पुढच्या गणपतीत कुणा नव्याच्या गळ्यात जातो. अण्णाच्या पाठचा मी. मी दोरी सोडली नव्हती. पुढच्या खेपेला म्हणालो होतो, आणि ती खेप आलीच नाही.

“आणतो, मामा.”

“आन् अजून एक,” मामाचा आवाज उतरला. त्याने ओरडायचं सोडलं तेव्हा मला खालच्या मागांची धडधड ऐकू आली. “तुझ्या आप्पाला जरा समजाव. दर बेस्तरवारी कोयता घेऊन बसमदनं कुसमळीच्या पुलापातुर जातोय. चालत परत येतोय, आन् वाटंतल्या झाडांच्या फांद्या छाटतोय. रस्त्यावर आलेल्या. त्या दिवशी झाड आडवं पडलं म्हनून माझ्या पोराला भावाचं तोंड दिसलं न्हाय, म्हणतो. दुसऱ्या कुणाचं तसं व्हाया नको.”

“वर्षभर?”

“वर्सभर. पावसात बी. कंचं झाड रं ते? आमाला बी कुणाला म्हाईत न्हाय. त्या बसचा डायवर म्हणाला, त्या दिवशी झाड-बिड काय पडलंच न्हवतं. तुझा आप्पा त्येच्या अंगावर गेला. म्हणाला, माझा ल्योक खोटं बोलतो व्हय? दोघातिघांनी धरला म्हणून. आता त्या डायवरच्या गाडीत बसत न्हाय तो. दुसरीची वाट बघत उभा ऱ्हातोय.”

मामा अजून काही बोलत होता. मी “हां” म्हणत राहिलो.

*

झाड पडलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारचे बारा वाजून गेले होते. गणपती तोंडावर आले होते आणि मी अण्णाचाच ढोल कापत बसलो होतो. त्याआधी पंधरा दिवस गावी गेलो असताना ओसरीत माईक ठेवून मी तो रेकॉर्ड केला होता. अण्णा मांडी ठोकून बसला, ढोल पुढे घेतला आणि म्हणाला, “किती वेळ वाजवू?” मी म्हणालो, “मी थांब म्हणंपर्यंत.” तो म्हणाला, “मग तू म्हणूच नको.”

फोन वाजला म्हणून हेडफोनची एक बाजू मी कानावरून सरकवली. जोतिबामामाच होता.

“विकी भाताच्या बांधावर बसला रं. छातीत दुखतंय म्हणाला. बसला तो उठलाच न्हाय. ये बाबा. थांबतो आमी तुज्यासाटनं.”

“निघालो,” मी म्हणालो.

फोन ठेवला. एका कानात मागांची धडधड होती, दुसऱ्या कानात अण्णा वाजवत होता. मी सरकवलेली बाजू परत कानावर घेतली. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. अण्णा वाजवत होता एवढंच. फेरा संपायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मी एक तुकडा धरला, रेघेवर नेला, सोडला. मग दुसरा. अण्णाचा डावा हात लहानपणी फणसावरून पडून मोडला होता आणि वाकडाच जुळला होता. त्याची डावी थाप नेहमी किंचित मागे पडायची. मी एकेक थाप पुढे आणत गेलो. बटण दाबलं असतं तर एका क्षणात झालं असतं. मी हाताने करत राहिलो.

तीन वाजता यशोदाबाई चहा ठेवून गेल्या. चहावर साय धरली. श्रावणात रोज दुपारी करंट जातो वडगावात. त्या दिवशी गेला नाही.

मग एका क्षणी करायचं काही उरलंच नाही. सोळाच्या सोळा ठोके रेघेवर होते. मी फाईल सेव्ह केली, चपला घातल्या आणि बस पकडली. रस्ता मोकळा होता. कुसमळीच्या पुलावर बस थांबलीसुद्धा नाही.

वाडीत पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. ओढ्याच्या काठी धूर होता, पातळ, गोठ्यात डासांसाठी करतात तेवढाच. अण्णाचं लग्न झालेलं नव्हतं. धाकट्याने अग्नी द्यायचा. ते पाच वाजेपर्यंत थांबले होते, मग दिवस मावळायच्या भीतीने आप्पाने स्वतःच्या हाताने दिला. आप्पा ओल्या धोतराने दगडावर बसला होता. त्याने वर बघितलं.

“आलास?”

“वाटंत झाड पडलतं,” मी म्हणालो.

मी ते ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं, जसं कुणी नाव विचारलं की नाव येतं. आप्पाने मान हलवली.

“व्हय. पडत्यात पावसाचं.” आणि बाजूला सरकून त्याने मला दगडावर जागा करून दिली.

एक वर्ष मी त्या जागेवर बसून आहे.

मी रडलो नाही. आई रडली, मामा रडला, पथकातली धटिंगण पोरं रडली. मी दहावं केलं, बारावं केलं, केस उतरवले, परत येऊन कॉम्प्युटर चालू केला. तो लूप त्या वर्षी खूप चालला. सरळ होता ना. शहापूरच्या रस्त्यावरून एकदा वरात जात होती आणि मी दुकानात साबण घेत होतो. गाडीवरच्या मोठ्या स्पीकरमधून अण्णा वाजवत आला, माझ्या समोरून गेला, कोपऱ्यावर वळला. दुकानदार म्हणाला, “सुट्टे हायत का?” मी खिसे चाचपले. होते.

*

निघायच्या आदल्या दिवशी मी ती फाईल उघडली. फाईलच्या नावापुढे तिला शेवटचा हात कधी लागला ते दिसतं. तारीख होती, आणि वेळ: चार पस्तीस. आप्पाने पाच वाजता अग्नी दिला.

तुकड्यांच्या खाली मूळ रेकॉर्डिंग पण होतं, न कापलेलं. वर्षभर ते मी उघडलं नव्हतं. ते ऐकलं. सहाव्या फेऱ्यानंतर एका जागी ढोल किंचित हलका होतो आणि अण्णाचा आवाज येतो, “ये रं.” समोर मी माईकची वायर सारखी करत बसलो होतो, माझ्या हातात झांजा नव्हत्या, तरी सवयीने म्हणाला असणार. ठोक्यांमध्ये माणसाचा आवाज आला की आम्ही तो कापतो. लूपमध्ये आवाज राहिला तर दर फेऱ्याला तोच तोच बोलतो, हसू येतं लोकांना. मी तो कापला होता. केव्हा कापला ते आठवत नव्हतं. पण त्या दुपारीच.

लूप आणि मूळ, दोन्ही मी मोबाईलमध्ये घेतली. एक लहान स्पीकर पिशवीत टाकला.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. कुसमळीचा पूल गेला आणि मी बाहेर बघायला लागलो. दोन्ही बाजूंची झाडं रस्त्यापासून मागे सरली होती, मोठी माणसं आल्यावर बायका पदर ओढून बाजूला सरतात तशी. जांभूळ, किंदळ, ऐन. ज्या उंचीपर्यंत एका म्हाताऱ्याचा कोयता पोचतो त्या उंचीपर्यंत एकही फांदी रस्त्यावर नव्हती. कापलेल्या जागा दिसत होत्या. जुन्या काळवंडलेल्या, मग तपकिरी, मग जांबोटी जवळ येत गेली तशा पांढऱ्या, ओल्या. गेल्या बेस्तरवारच्या असाव्यात.

मागच्या सीटवरच्या बायका म्हणाल्या, रस्ता किती मोकळा झालाय.

आई दारातच उभी होती. गुणाबाई तिचं नाव, पण वाडीत सगळे तिला ओवीवाली म्हणायचे. नाचणी दळताना ती ओव्या म्हणायची, आपल्याच जुळवलेल्या. आम्ही दोघं तालमीला गेलो की हमखास म्हणायची ती एक होती:

थोरल्याच्या हाती ढोल, धाकल्याच्या हाती झांज
दोघं येती वाटंनं गं, मग होई माजी सांज

आता जात्यावर पोतं अंथरलं होतं आणि पोत्यावर सुपारीची टोपली. दळण जांबोटीच्या गिरणीत जातं, म्हणाली. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. “वाळलास.” मी म्हणालो, “न्हाय गं.” तिने गुळाचा डबा काढला.

श्राद्ध झालं. पान ठेवलं, कावळ्याने फार वाट बघायला लावली नाही. जेवणं उरकली आणि दुपारी पथकाची माणसं ओसरीवर जमली. अण्णाचा ढोल आतल्या खुंटीवरून खाली काढून मधोमध ठेवला होता. कातड्यावर बुरशीचे पांढरे ठिपके, दोऱ्या अजून ताठ.

मी स्पीकर काढून ढोलाशेजारी ठेवला. जोतिबामामा वाकून बघायला लागला.

“एवढ्याशा डबीत विकी? त्यो तर दारातनं वाकून यायचा.”

लोक हसले. आई आतल्या दारात येऊन बसली. आप्पा खांबाला टेकून कोयत्याला धार लावत होता. भरमू आप्पा, वाडीतला सगळ्यात कमी बोलणारा माणूस.

मी लूप लावला. माझा, कापलेला, सरळ. तो चांगला वाजत होता, मला माहीत होतं. पोरांनी मांडीवर ताल धरला. दोन फेरे झाले, चार झाले. आप्पाचा धार लावणारा हात थांबला.

“कोण वाजवतंय ह्ये?”

“अण्णा, आप्पा.”

“न्हवं.”

“अण्णाच हाय. हितंच बसून वाजवला हुता.”

“विकी न्हवं,” आप्पा म्हणाला. रागाने नाही, जसं बैल आपला नव्हे म्हणून सांगतात तसं. “विकीची डावी थाप मागं पडायची. हात वाकडा हुता त्येचा. उशिरा पडायची, पर पडायची. तिची वाट बगायचो आमी. त्या जाग्यात पथक श्वास घ्यायचं. ह्येच्यात श्वास कुटं हाय?”

“मी सरळ केलाय,” मी म्हणालो.

“का?”

“तसंच करत्यात, आप्पा.”

“उशीर झाला म्हणून?”

मी लूप बंद केला. मामाने खोकून बघितलं.

“मूळचं बी हाय,” मी म्हणालो आणि दुसरं लावलं.

आता अण्णा वाजवायला लागला. मला वाटलं होतं मला काहीतरी होईल, पण मी फक्त बघत राहिलो. मामा डोळे मिटून बसला. पोरांचे हात मांडीवर थबकले, कारण थाप तिथे नव्हती जिथे त्यांचे हात पडत होते. मग त्यांना ती सापडली, आणि सगळ्या ओसरीचे हात थोडे थोडे उशिरा पडायला लागले. आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आप्पाने कोयता बाजूला ठेवला.

सहावा फेरा झाला. ढोल हलका झाला.

“ये रं,” अण्णा म्हणाला.

आईने पदर तोंडात धरला. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणून सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटलं. अण्णा पुढे वाजवत राहिला, मी थांब म्हणेपर्यंत. रेकॉर्डिंगमध्ये मी थांब म्हणतो. माझा आवाज किती लहान वाटला.

“पोरास्नी ह्योच द्यायचा,” मामा नाक पुसत म्हणाला. “त्यो दुसरा पुसून टाक जा.”

*

माणसं पांगली. ओसरीवर आप्पा, मी आणि ढोल राहिलो. आई आत भांडी घासत होती.

“दोरी सोड,” आप्पा म्हणाला. “आज न्हाय तर मग गणपतीच येतील.”

मी ढोल मांडीवर घेतला. गाठ वर्षभराच्या दमट हवेने फुगून दगड झाली होती. नखं लावली, लागेनात. दात लावले. तोंडात काथ्याची आणि बुरशीची चव आली.

“न्हाय सुटत,” मी म्हणालो. “कोयता द्या. कापतो.”

“कापायची न्हाय.”

“आप्पा, गाठ—”

“बस की दमानं. कुटं जायचंय?” त्याने तांब्या पुढे सरकवला. “आजून जरा वली कर. मग चोळ.”

मी गाठ ओली केली आणि दोन बोटांत धरून चोळत बसलो. आप्पा पुन्हा कोयत्याला धार लावायला लागला. पाजळायच्या दगडावर पातं पुढे जाई, मागे येई.

“उद्या चल माझ्यासंगं,” तो म्हणाला. “कुसमळीला. तेवढं झाड दाखव मला.”

गाठीचा एक धागा हलला. मी तो धरून ठेवला.

“लई झाडं छाटली बग मी,” आप्पा म्हणाला. तो आधी कधी माझ्याशी एवढं बोललेला मला आठवत नाही. “उगंच छाटली. कंचं ते म्हाईत न्हाय, मग काय करणार? पडलं हुतं म्हंजे बुडखा पायजे. बुडखा काय गावला न्हाय. मोडली फांदी आसंल, म्हंटलं. तिथं ते जांबळीचं हाय न्हवं, वळणावर, वाकलेलं, त्येच्यावर माझा संशय हाय. पर त्येच्यावर पोळं हाय मधाचं. उगंच कशाला, म्हंटलं, पोराला इचारू. तू न्हाय म्हंटलास तर त्येला हात लावत न्हाय.”

गाठ सुटली. मी पहिला वेढा कडीतून ओढून काढला. मग दुसरा. दोरी सुटेल तसा ढोल माझ्या मांडीवर थोडा थोडा जड होत होता, किंवा मला वाटत होता.

“त्या डायवरला लई बोललो मी,” आप्पा म्हणाला. “त्येची पोरगी जांबोटीत दिलीया. आता समोर आला की मान खाली घालतो त्यो. पर त्येनं तसं बोलायला नको हुतं. माझ्या पोराला खोटं पाडलं त्येनं, सगळ्या गाडीदेखत.”

तिसरा वेढा. चौथा. मी शिरायची जागा ओळखली आणि ती निघून गेली. बोलणं असंही थांबत नाही, मला वाटलं, फिरून येईल. आप्पाने कोयता उन्हाकडे धरून पातं बघितलं, अंगठा लावला.

“मला काय वाटतं सांगू?” तो म्हणाला. “त्या दिवशी तू असतास तर अग्नी तू दिला असतास, मी त्येच्या पायाकडं उभा ऱ्हायलो असतो. बापानं पायाकडं उभं ऱ्हायचं आसतं व्हय? त्ये बी न्हाय. बापानं बगायचंच न्हाय. पर झाडाला काय म्हाईत.”

शेवटचा वेढा कडीतून निघाला. कातडं आतल्या आत बसलं, एक मऊ आवाज झाला, झोपेत कूस बदलल्यासारखा. आत भांड्यांचा आवाज थांबला. आईने ऐकला असणार.

आप्पाने कोयता भिंतीशी टेकवला. “झालं,” तो म्हणाला. “मग सकाळच्या पयल्या गाडीनं जाऊ. ते जांबळीचंच का रं?”

माझ्या हातात दोरी होती. डावा हात ढोलावर होता. मी तो उचलला नाही.

“आप्पा,” मी म्हणालो, “झाड पडलंच न्हवतं. रस्ता मोकळा हुता. मामाचा फोन बाराला आलता. मी अण्णाचाच ढोल कानाला लावून बसलो, आन् साडेचार वाजंपातुर उठलोच न्हाय.”